अनुक्रमणिका हाताने टाईप करू नका (वर्ड, हेडिंग स्टाईल आणि आपली देवनागरी)

सुरंगी_डिचोली

नमस्कार मंडळी. बाबांचं पुस्तक टाईप करून झालं एकदाचं. शाळेतून निवृत्त झाल्यापासून ते गोव्यातल्या गावोगावच्या उत्सवांवर वहीत लिहितायत, पेडण्यापासून काणकोणापर्यंत बाराही तालुके, आणि मी रात्री जेवणं आटोपली की बसून ते टाईप करायचे. पानं झालीत २६४. आता अनुक्रमणिकेचं काम राहिलंय आणि यावेळी ते मला नीटच करायचंय, का ते आधी सांगते.

दोन वर्षांपूर्वी आमच्या देवळाची स्मरणिका मीच लावली होती. अनुक्रमणिका सगळी हाताने. लेखाचं नाव, मग टिंब दाबत दाबत ओळीच्या टोकापर्यंत, मग पानाचा आकडा, आणि आकडे एकाखाली एक येत नाहीत म्हणून स्पेस दे, खोड, परत दे. छापायला जायच्या आदल्या रात्री देणगीदारांची यादी वाढली, दोन पानं मध्ये घुसली, पुढचे सगळे लेख दोन पानं सरकले आणि अनुक्रमणिका होती तशीच राहिली. ३०० प्रती तशाच छापून आल्या. वाड्यावरच्या एका आजोबांनी त्यात भजनाच्या चालींवर लेख दिला होता, आयुष्यातला पहिला. त्यांनी चष्मा लावला, अनुक्रमणिकेत आपलं नाव बोटाने शोधलं, ४१ पान उघडलं तर तिथे सिमेंटच्या दुकानाची जाहिरात. काही बोलले नाहीत, पुढची पानं एकेक करून उलटत राहिले. ते माझ्या डोळ्यासमोरून जात नाही.

मग मी शिकले, आणि ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी इथे लिहिते. आपण शीर्षक मोठं केलं, ठळक केलं, मधोमध आणलं की आपल्याला ते शीर्षक दिसतं, पण वर्डच्या लेखी ती नुसती जाड अक्षरांची ओळ. हे शीर्षक आहे असं त्याला सांगावं लागतं आणि ते सांगणं म्हणजे हेडिंग स्टाईल. ओळीवर कर्सर ठेवायचा आणि होम टॅबवर स्टाईल्समधलं हेडिंग १ दाबायचं, नाहीतर कीबोर्डवर कंट्रोल अल्ट १. मी तालुक्याला हेडिंग १, गावाला हेडिंग २ आणि उत्सवाला हेडिंग ३ दिलं. म्हणजे डिचोली, त्याखाली शिरगाव, त्याखाली लईराईची जत्रा. सगळं झालं की सुरवातीच्या कोऱ्या पानावर जाऊन रेफरन्सेस टॅब, त्यात टेबल ऑफ कंटेंट्स. टिंबं सरळ, आकडे उजवीकडे एकाखाली एक, मी बघतच राहिले.

पण तीन ठिकाणी अडलेय. एक म्हणजे हेडिंगचा साईज मॉडिफाय स्टाईलमध्ये जाऊन २० केला तरी देवनागरी अक्षरं हलत नाहीत, इंग्रजी शब्द मात्र मोठे होतात. दुसरं, चवथीच्या मातोळीवरचा (गणपतीच्या वर फळं बांधतात ती) एक आख्खा परिच्छेद अनुक्रमणिकेत येऊन बसलाय, कांगलां, माट्टुळी, घागऱ्यो सगळ्या फळांच्या नावांसकट. आणि तिसरं, काणकोणची प्रकरणं पूर्वी बाहेरून टाईप करून घेतलेली, ती पानावर छान दिसतात आणि अनुक्रमणिकेत मात्र इंग्रजी अक्षरांचा कचरा. कोणी सांगेल का?

म्हापशेचो_डीटीपीवालो

सुरंगीबाय, तिसऱ्यापासून सुरू करतो कारण ते मी रोज बघतो. ती प्रकरणं जुन्या फॉन्टमध्ये आहेत, श्रीलिपी, कृतिदेव वगैरे जातीचा कुठलातरी. या फॉन्टांत फाईलमध्ये खरी अक्षरं इंग्रजीच असतात, फॉन्ट फक्त त्यांच्यावर देवनागरीचा आकार चढवतो. पानावर तो फॉन्ट लावलेला आहे म्हणून मराठी दिसतं. अनुक्रमणिकेची स्टाईल वेगळी असते, टीओसी १, टीओसी २ अशी (टीओसी म्हणजे टेबल ऑफ कंटेंट्स), तिचा फॉन्ट दुसरा, मग आकार उतरतो आणि आत जे खरं आहे ते दिसतं. डाव्या बाजूच्या नॅव्हिगेशन पेनमध्ये पण तसाच कचरा दिसत असणार, बघ.

टीओसीच्या स्टाईलला तोच जुना फॉन्ट देऊन वेळ मारून नेता येते, पण मग त्याच अनुक्रमणिकेतली युनिकोडमध्ये, म्हणजे खऱ्या देवनागरी अक्षरांत, टाईप केलेली नावं बिघडतील कारण तुझ्या फाईलमध्ये दोन्ही आहेत. त्यामुळे ती प्रकरणं युनिकोडमध्ये बदलून घे, कन्व्हर्टर फुकट मिळतात. बदलल्यावर मात्र ओळ न् ओळ वाच. रफार, पहिली वेलांटी आणि 'ऱ्या' इथे हमखास चुका राहतात, 'पूर्वी'चं भलतंच काहीतरी होतं. मी स्वतः वहीतलं मूळ बाजूला ठेवून वाचून घेतो, डोळ्यांनी नुसतं स्क्रीनवर बघून त्या सापडत नाहीत.

पाटोवरून

पहिल्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे आहे, मी यावर पूर्ण एक रविवार घालवलाय. वर्ड देवनागरीला कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट समजतो, अरबी हिब्रूसारखी, आणि प्रत्येक स्टाईलमध्ये दोन वेगळे फॉन्ट आणि दोन वेगळे साईज साठवतो, एक लॅटिनचा, म्हणजे इंग्रजी अक्षरांचा, आणि एक कॉम्प्लेक्सचा. तू बदललास तो लॅटिनचा. स्टाईलवर राइट क्लिक करून मॉडिफाय उघड, खाली डावीकडे फॉरमॅट, त्यात फॉन्ट, तिथे वरच्या भागात लॅटिन आणि त्याखाली कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स असा वेगळा कप्पा दिसेल. फॉन्ट, बोल्ड, साईज तिघंही तिथे दे. हेडिंग १, २, ३ तिन्हीला हे एकदा करावं लागतं, आणि टीओसी १, २, ३ लाही. नाहीतर पुस्तकभर एक फॉन्ट आणि अनुक्रमणिकेत मंगल असं होतं.

मंगल वाईट आहे असं नाही, विंडोज २००० बरोबर आला म्हणून तर आपण घरच्या मशीनवर मराठी लिहायला लागलो, पण तो स्क्रीनसाठी केलेला फॉन्ट, छापील पुस्तकात जाड वाटतो. आयआयटी मुंबईचा शोभिका बघ, फुकट आहे आणि छापून सुंदर येतो.

शेणवी_नाय_शिक्षिका

मातोळीचा परिच्छेद: तू हेडिंग लिहून झाल्यावर शिफ्ट एंटर दाबलं असशील. शिफ्ट एंटरने ओळ बदलते, परिच्छेद बदलत नाही, मग वर्डला हेडिंग आणि खालचा मजकूर एकच वाटतो. हेडिंगच्या शेवटी जाऊन ती तुटक ओळ डिलीट कर, साधा एंटर मार, आणि खालच्या परिच्छेदावर कर्सर ठेवून कंट्रोल शिफ्ट एन, म्हणजे तो नॉर्मल होईल. होम टॅबवरचं परिच्छेदाचं चिन्ह चालू केलंस तर कुठे खरा एंटर आहे आणि कुठे वाकडा बाण, सगळं दिसतं.

माझ्या विद्यार्थ्यांच्या प्रोजेक्टमध्ये याची उलटी बाजू पण बघितलीय, शीर्षक लांब म्हणून मध्येच शिफ्ट एंटर मारून दोन ओळी करतात आणि अनुक्रमणिकेत ते तसंच तुटून येतं.

माडाखाली

चांगला धागा, पण मला प्रामाणिकपणे वाटतं की हे सगळं मोठ्या पुस्तकाला ठीक. आमच्या मंडळाचा वार्षिक अहवाल २० पानांचा, त्याला कशाला एवढं, शेवटी बसून दहा आकडे टाईप केले की झालं. स्टाईलच्या नादाला लागून मी एकदा पूर्ण फाईल बिघडवून घेतली होती, एक शब्द बोल्ड केला तर सगळंच बोल्ड झालं आणि परत येईना, तेव्हापासून हात लावत नाही.

पाटोवरून

माडाखाली, तुमचं जे झालं त्याला कारण आहे. मॉडिफाय स्टाईलच्या चौकटीत ऑटोमॅटिकली अपडेट अशी एक खूण असते, ती चालू राहिली की एका परिच्छेदात केलेला बदल त्या स्टाईलच्या सगळ्या परिच्छेदांना लागतो. तुमच्या मजकुराच्या स्टाईलला ती कोणीतरी चालू केलेली असणार. खूण काढा, पुन्हा होणार नाही. आणि २० पानांच्या अहवालातच शेवटच्या दिवशी जमाखर्चाचं पान वाढतं, तुम्हीच आठवून बघा.

सुरंगी_डिचोली

तिन्ही गोष्टी झाल्या!! देव बरें करूं तुम्हां सगळ्यांचं. कॉम्प्लेक्स स्क्रिप्टचं मला जन्मात सापडलं नसतं. काणकोणची प्रकरणं बदलून घेतली, बाबा आणि मी समोरासमोर बसून वाचतोय, ते वहीतून मोठ्याने वाचतात आणि मी स्क्रीनवर बघते.

आता वाचता वाचता नवीन निघालं. बाबांनी मोले आणि कुळे सांगे तालुक्यात लिहिलेत, कारण त्यांनी लिहायला घेतलं तेव्हा ते सांग्यातच होते, धारबांदोडा वेगळा तालुका २०११ च्या सुमारास झाला. पुस्तकात त्यांना धारबांदोड्याखाली न्यायचंय. फोटो, तळटिपा सगळ्यासकट चाळीस पानं कापून चिकटवायची मला भीती वाटतेय.

म्हापशेचो_डीटीपीवालो

कापू नको, ओढ. व्ह्यू टॅबवर नॅव्हिगेशन पेन चालू कर, डावीकडे सगळी हेडिंगं झाडासारखी दिसतील. तिथे 'मोले' माउसने धरायचं आणि धारबांदोड्याच्या खाली नेऊन सोडायचं. त्या हेडिंगखालचं सगळं, उत्सव, फोटो, तळटिपा, एकत्र उचलून जातं आणि तळटिपांचे नंबर आपोआप बदलतात. मग अनुक्रमणिकेवर क्लिक करून एफ९. तो दोन गोष्टी विचारेल, फक्त पानांचे आकडे की पूर्ण तक्ता, पूर्ण तक्ता घे. फक्त आकडे घेतलेस तर मोले जुन्याच जागी दिसत राहील.

फाईलची एक प्रत आधी बाजूला ठेव, तेवढी काळजी घे.

आबोलेंचीवळेसर

माझा प्रश्न थोडा बाजूचा आहे पण याच फाईलशी जोडलेला वाटतो. कुंकळ्ळीचा छत्र्यांचा शिगमो बाबांनी कुठे घातलाय? मिरवणूक केपे तालुक्यातल्या फातर्प्याहून निघते आणि सासष्टीतल्या कुंकळ्ळीला येते, बारा वांगडांच्या, म्हणजे कुळांच्या, बारा छत्र्या. मी माझ्या प्रबंधात तो दोन्हीकडे लिहिला आणि मार्गदर्शकांनी एका ठिकाणचा काढायला लावला.

सुरंगी_डिचोली

अगदी हाच घोळ आमच्याकडे आहे! सासष्टीत पूर्ण लिहिलंय आणि केप्यात एक ओळ, 'पाहा पान अमुक'. तो अमुक मी हाताने टाईप केलाय, म्हणजे परत तीच स्मरणिकेची चूक करून ठेवलीय.

शेणवी_नाय_शिक्षिका

रेफरन्सेस टॅबवर क्रॉस रेफरन्स आहे बघ. 'पाहा पान' एवढं टाईप कर, मग क्रॉस रेफरन्स उघडून प्रकार हेडिंग निवड, यादीतून छत्र्यांचं हेडिंग निवड आणि काय घालायचं तिथे पेज नंबर. आता तो आकडा जिवंत आहे, पानं सरकली की कंट्रोल ए, एफ९ मारलं की तोही सुधारतो. मी तर 'प्रकरण चौथे पाहा' हेही असंच घालते.

आबोलेंचीवळेसर

हे आधी माहीत असतं तर माझे चार दिवस वाचले असते. बदल्यात मी एक देते. प्रबंधात सुरवातीची पानं, प्रतिज्ञापत्र, ऋणनिर्देश, अनुक्रमणिका, यांना रोमन आकडे आणि पहिल्या प्रकरणापासून १ असं लागतं. त्यासाठी पेज ब्रेक चालत नाही, सेक्शन ब्रेक लागतो. लेआउट टॅब, ब्रेक्स, त्यात नेक्स्ट पेज. मग पहिल्या प्रकरणाच्या पानाखालच्या आकड्यावर डबल क्लिक केलं की वर लिंक टू प्रीव्हियस असं बटण दिसतं, ते आधी बंद करायचं. ते चालू ठेवून आकडे बदलायला गेलात तर मागच्या भागातले पण बदलतात, आणि माणूस गोल गोल फिरत बसतो. मग फॉरमॅट पेज नंबर्स, स्टार्ट ॲट १. तिथेच आकड्यांच्या प्रकारांत १, २, ३ देवनागरीत पण मिळतात, हिंदी किंवा मराठी ऑफिसच्या भाषांत घातलेली असेल तर. पानाखाली देवनागरी ठेवलात की अनुक्रमणिकेतही देवनागरीच येतात.

काळोखातलो_रेडियो

मी या धाग्यावर एक वेगळी गोष्ट लिहायला आलोय. मला दिसत नाही, मी एनव्हीडीए वापरतो, स्क्रीनवरचं वाचून दाखवणारं फुकट सॉफ्टवेअर. मराठी साहित्य मला डॉक्युमेंट स्वरूपात लोक पाठवतात, प्रेमाने पाठवतात, आणि त्यात नव्वद टक्के वेळा शीर्षक म्हणजे नुसती मोठी जाड अक्षरं. मला मोठी जाड ऐकू येत नाहीत. २०० पानांच्या फाईलमध्ये तिसरं प्रकरण हवं असेल तर पहिल्या ओळीपासून ऐकत जायचं.

हेडिंग स्टाईल लावलेली असेल तर वर्डमध्ये एनव्हीडीएची की आणि स्पेस दाबून ब्राउझ मोड चालू करतो आणि मग एच दाबत गेलं की एका हेडिंगवरून दुसऱ्यावर उडी. १ दाबलं की फक्त हेडिंग १, २ दाबलं की हेडिंग २. सुरंगीताई, तुमच्या बाबांच्या पुस्तकात मी १ दाबून बारा उड्यांत गोवा फिरून येईन आणि पेडण्यात थांबलो की २ दाबत पेडण्यातली गावं. पीडीएफ करताना सेव्ह ॲजच्या ऑप्शन्समध्ये क्रिएट बुकमार्क्स युझिंग हेडिंग्ज आणि त्याखालचं ॲक्सेसिबिलिटीचं टॅग्जवालं, दोन्हीवर खूण करा. प्रिंट टू पीडीएफ करू नका, त्यात हे सगळं गळून जातं.

सुरंगी_डिचोली

हे वाचून मी उठून बाबांना वाचून दाखवलं. ते म्हणाले पुस्तक छापून येईपर्यंत थांबायचं नाही, फाईल आधी तुम्हाला पाठवायची. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते.

लिब्रेवालो_वाळपय

लिब्रे ऑफिसवाल्यांसाठी थोडक्यात, कारण आमच्या वाचनालयात तेच आहे. रायटरमध्ये, म्हणजे त्यातल्या वर्डसारख्या भागात, कंट्रोल १ म्हणजे हेडिंग १, कंट्रोल २ म्हणजे हेडिंग २. एफ११ ने स्टाईलची यादी, एफ५ ने नॅव्हिगेटर, तिथेही प्रकरणं वरखाली हलवता येतात. देवनागरीचा साईज हलत नाही हे दुखणं इथेही, टूल्स, ऑप्शन्स, लँग्वेजेसमध्ये कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउटवर खूण करा, मग स्टाईलच्या फॉन्ट टॅबमध्ये सीटीएल फॉन्ट वेगळा दिसेल. अनुक्रमणिका इन्सर्ट मेनूत आहे, नंतर तिच्यावर राइट क्लिक करून अपडेट इंडेक्स.

म्हापशेचो_डीटीपीवालो

छापायला देण्याआधी दोन गोष्टी सांगून ठेवतो, कारण इथपर्यंत सगळं बरोबर करून लोक शेवटच्या दारात पडतात. पानाचा साईज आधी ठरव. घरी ए४ कागदावर काम केलंस आणि पुस्तक डेमीत छापायचं, साडेपाच बाय साडेआठ इंच, तर २६४ ची पानं भलतीच होणार. साईज बदल, समास बदल, मग एफ९. दुसरं, प्रेसला वर्डची फाईल छापायला देऊ नको. त्यांच्या मशीनवर शोभिका नसेल तर दुसरा फॉन्ट बसतो, ओळी वेगळ्या तुटतात, पानं सरकतात आणि अनुक्रमणिका परत खोटी. पीडीएफ दे, फॉन्ट आत घातलेली.

प्रेस इनडिझाईनमध्ये, म्हणजे पानं लावायच्या सॉफ्टवेअरमध्ये, लावणार असेल तर मात्र वर्डची फाईलच लागेल, पण तिथेही तुझी मेहनत वाया जात नाही. हेडिंग १ त्यांच्याकडे हेडिंग १ म्हणूनच येतं, ते फक्त त्याचं रूप ठरवतात आणि अनुक्रमणिका तिथल्या तिथे पुन्हा काढतात. जाड अक्षरांची फाईल आली तर आम्ही एकेक शीर्षक हाताने शोधतो, त्यात एखादं सुटतंच.

आणि हो, तालुका नव्या पानावर यावा म्हणून एंटर मारत बसली असशील तर ते सगळे एंटर काढ. हेडिंग १ च्या मॉडिफायमध्ये फॉरमॅट, पॅराग्राफ, दुसऱ्या टॅबवर पेज ब्रेक बिफोर. बाराही तालुके आपोआप नव्या पानावर.

सुरंगी_डिचोली

एंटर होते. एका ठिकाणी सतरा. काढले.

डेमी केल्यावर पानं ३३८ झाली आणि अनुक्रमणिकाच अकरा पानांची आली, प्रत्येक उत्सव त्यात. मग कस्टम टेबल ऑफ कंटेंट्समध्ये शो लेव्हल्स ३ चं २ केलं, आता तालुका आणि गाव एवढंच, पाच पानांत बसतं. उत्सव शोधायला मागे सूची देणार आहे, त्यावर वेगळा धागा काढेन.

बाबांना अनुक्रमणिकेची प्रिंट काढून दिली. त्यांनी पेन्सिल घेतली आणि तालुके मोजले, तेरा भरले. परत मोजले, तेरा. मी बघितलं तर गावडोंगरीला चुकून हेडिंग १ लागलेलं, काणकोणखालचं गाव तालुका होऊन वेगळं उभं. आतल्या पानावर ते महिनाभर आमच्या दोघांच्याही नजरेतून सुटलं होतं. कंट्रोल अल्ट २, एफ९, नवीन प्रिंट. आता ते पट्टी लावून एकेक ओळ बघतायत, पेडणे पान १५, पान १५ उघडून पेडणे, मग ओळीपुढे बारीक टिचकी. सासष्टीपर्यंत आलेत.